६५ हजारांत गेमिंग पीसी : बार्शीच्या घरातल्या नोंदी

५ मे २०२४, रविवार

आज आकडा ठरला. माझे ५० हजार, धाकट्याचे १५ हजार. त्याचे १५ हजार दोन सुट्ट्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात बसून साठवलेले आहेत, त्यातला एक रुपयाही वाया जाऊ द्यायचा नाही. ६५ हजारांत सगळं बसवायचं: कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माउस आणि यूपीएससुद्धा. 'मॉनिटरचं नंतर बघू' ही पळवाट ठेवायची नाही. पीसीचा खर्च सांगताना लोक मॉनिटर आणि यूपीएस धरत नाहीत, आणि सामान घरी आल्यावर आणखी १० हजारांची जुळवाजुळव करत बसतात.

धाकट्याने गावातल्या एका दुकानातून कोटेशन आणलं होतं. ३२ हजार. वर ठळक अक्षरांत 'आय ७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स'.

"ताई, निम्म्यात होतंय की!"

"प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारून ये."

संध्याकाळी नंबर आला: ३७७०. म्हणजे २०१२ चा प्रोसेसर. आपल्या काळात तो दणकट होता, पण विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि हा तिसऱ्या पिढीचा. रॅमही डीडीआर३. त्याला कागदावर लिहून दाखवलं: 'आय ७' हा दर्जा, पिढी त्याच्या पुढच्या आकड्यात. ३७७० मधला ३ म्हणजे तिसरी, १२४०० मधले १२ म्हणजे बारावी. कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला. उद्या मित्रांना दाखवणार.

८ मे, बुधवार

सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून. बहुतेक जण प्रोसेसर आधी घेतात, मग उरलेल्या पैशात कार्ड कोंबतात. गेमिंगच्या मशीनला हे उलटं पडतं. पडद्यावर चित्र रंगवायचं बहुतेक काम कार्डाचं, म्हणून आधी कार्ड ठरवायचं आणि त्याला अडवणार नाही इतपत प्रोसेसर शोधायचा. माझा ढोबळ हिशेब असा की एकूण पैशांतला तिसरा हिस्सा कार्डाला द्यावा.

मॉनिटर १०८०पीचाच (१९२०×१०८० ठिपक्यांचा) घेणार, त्यामुळे फार महागाच्या कार्डाची गरज नाही. चार नावं काढली.

जीटीएक्स १६५०: २०१९ चं, ४ जीबी मेमरी. आजच्या गेममध्ये ४ जीबी लगेच भरते आणि मग चित्र अडखळतं. बाद. आरटीएक्स ३०५०: हे नाव दोन वेगवेगळ्या कार्डांवर आहे, एक ८ जीबीचं आणि दुसरं यंदाच आलेलं ६ जीबीचं. ६ जीबीचं फक्त ७० वॅट खातं, पण वेगातही मागे आहे. दुकानदार नुसतं '३०५०' म्हणाला तर कुठलं ते आधी विचारायचं. आरएक्स ६५०० एक्सटी: ४ जीबी, आणि पीसीआय-ईच्या (मदरबोर्ड आणि कार्ड यांच्यातला डेटाचा रस्ता) फक्त ४ लेन, जुन्या बोर्डावर आणखी मार खातं. बाद.

राहिलं आरएक्स ६६००. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, एकच आठ पिनांची केबल. १०८०पीला ८ जीबीच्या ३०५० पेक्षा स्पष्ट पुढे, आणि किमतीत फार फरक नाही. रे ट्रेसिंगला (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या रंगवायला) कमकुवत आहे आणि एनव्हिडियाचं, चित्रांचा वेग वाढवणारं डीएलएसएस मिळणार नाही, हे धाकट्याला आधीच सांगून ठेवलं. तो म्हणाला, "ताई, सावल्या चकचकीत नसल्या तरी चालतील, अडकायला नको." ६६०० नक्की.

११ मे, शनिवार

पुण्याला परत आलेय, फोनवर प्रोसेसर ठरला. रायझन ५ ५६००. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट, कूलर डब्यातच येतो.

इथे आकड्यांच्या शेपटीकडे नीट बघावं लागतं. ५६००, ५६००जी आणि ५५०० ही तीन वेगळी माणसं आहेत. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी. ५६००जी आणि ५५०० मध्ये निम्मी, १६ एमबी, शिवाय पीसीआय-ई ४.० ऐवजी ३.०. ५६००जीला आतच ग्राफिक्स आहे, म्हणून कार्ड न घेणाऱ्याला ती चांगली. आम्ही कार्ड घेणार, मग तिच्यासाठी पैसे कशाला द्यायचे?

एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) नवं आहे, पुढे प्रोसेसर बदलायची सोय आहे, मोह होतो. पण तिथे बोर्डही महाग आणि डीडीआर५ रॅमही घ्यावी लागते. सगळं धरून ११-१२ हजारांचा फरक पडत होता. तेवढे पैसे कार्डातून काढले तर मशीन आज हळू चालणार, आणि ते कशासाठी, तर चार वर्षांनी कदाचित होणाऱ्या अपग्रेडसाठी. एएम४ घेतलं.

मदरबोर्ड बी४५०. बी५५० घेतला तर दोन हजार वर जातात. बी४५० वर पीसीआय-ई ३.० मिळतं, तरी ६६०० आठ लेनवर चालतं आणि ८ जीबी मेमरी असल्याने फारसं अडत नाही. एकच अट: डब्यावर रायझन ५००० चा उल्लेख हवा. जुन्या बायोसचा (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) बोर्ड हाती आला तर हा प्रोसेसर तो ओळखतच नाही.

१४ मे, मंगळवार

धाकट्याने रात्री साडेअकराला फोटो पाठवला. आरएक्स ५८०, ८ जीबी, ७ हजार, सोलापुरात कोणीतरी विकतंय. "ताई, १३ हजार वाचतात!"

त्याला थांबवलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते कमावण्याचं काम, म्हणजे मायनिंग, जवळपास एका दिवसात बुडालं. रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं त्यानंतर बाजारात उतरली. फोटो मोठा करून बघितला, तर स्टिकरवर बारीक अक्षरात '२०४८एसपी'. अस्सल ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर (चित्राचा हिशेब करणारे छोटे घटक) असतात. २०४८ म्हणजे नावाने ५८० आणि पोटात ५७०. वॉरंटी नाही, बिल नाही.

जुनं कार्ड घेऊच नये असं माझं मत नाही. समोर बसून अर्धा तास ताण देऊन बघता येत असेल, विकणाऱ्याकडे मूळ बिल असेल, तर जरूर घ्यावं. फोटोवरून मात्र घेऊ नये.

१७ मे, शुक्रवार

एसएमपीएस, म्हणजे घरची वीज पीसीच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा. सगळ्यात जास्त वाद इथेच झाला. धाकट्याच्या मित्राने '५०० वॅट' लिहिलेला एसएमपीएस ९०० रुपयांत घेतलाय आणि तो वर्षभर चालतोय. आपण ४ हजार का घालायचे?

मी कॉलेजच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिथे असाच एक स्वस्तातला एसएमपीएस माझ्यासमोर गेला. फट्ट आवाज, करपल्याचा वास, आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. डिस्कवर एका मुलाचं अख्ख्या सेमिस्टरचं प्रोजेक्ट होतं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

धाकट्याला म्हटलं, मित्राच्या घरी जा आणि एसएमपीएसवरच्या तक्त्याचा फोटो पाठव. आला. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर.

"१२ गुणिले १८ किती?"

"२१६."

"प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. बाहेर ५०० लिहिलंय, कामाचे २१६."

थोडा वेळ फोनवर शांतता. मग म्हणाला, "त्याला सांगू का?" सांग म्हटलं, आत्ताच सांग.

आमची गरज मांडली. प्रोसेसर पूर्ण ताणावर ७६ वॅटच्या आसपास, कार्ड १३२, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ४० धरू. अडीचशेच्या घरात. कार्ड क्षणभर याच्या वर उसळी मारतं, त्यासाठी मोकळी जागा हवी, आणि निम्म्या भारावर एसएमपीएस सगळ्यात सुखात चालतो. म्हणून ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), १२ व्होल्टला ४० च्या वर अँपिअर, पाच वर्षांची वॉरंटी. मे महिन्यात बार्शीत पारा ४२ च्या पुढे जातो, खोलीचा पत्रा तापतो. अशा ठिकाणी हलका एसएमपीएस म्हणजे जाणूनबुजून घेतलेला धोका.

१९ मे, रविवार

शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी आले, मल्टिमीटर बरोबर आणला. ज्या स्विचबोर्डावर पीसी लागणार तो तपासला. फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट, ठीक. फेज-अर्थ ९४. न्यूट्रल-अर्थ ६० च्या आसपास, आणि आकडा स्थिर राहीना. अर्थिंग धड असतं तर फेज-अर्थलाही २३० च्या जवळ दिसायला हवं होतं, आणि न्यूट्रल-अर्थला एक-दोन व्होल्ट. बोर्ड उघडला. तिसऱ्या पिनेची हिरवी वायर आत कापून तशीच सोडलेली. घर बांधल्यापासून ती तशीच असणार.

आई वर्षानुवर्षं चप्पल घालूनच फ्रिज उघडते. "पायाला मुंग्या येतात गं," एवढंच म्हणायची. आम्ही सगळ्यांनी ते गृहीत धरलं होतं. मीसुद्धा, हेच काम रोज करणारी. आज तो आकडा बघितल्यावर पोटात कसंतरी झालं.

पीसीचंही तसंच होतं. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते विजेतला गोंगाट अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा, जीव जात नाही, पण हात लावला की झिणझिण्या येतात. त्यात खरोखरचा बिघाड झाला, तर करंटला जायला वाट तुमच्या अंगातूनच.

बाबांना मीटर दाखवला. "हे पीसीच्या हिशेबात धरू नका, हे घराचं काम आहे," म्हणाले, आणि लगेच वायरमनला फोन लावला. परसात लिंबाशेजारी खड्डा, मीठ-कोळसा, पाइप, आणि तिथून मेन बोर्डापर्यंत नवी वायर. १,८०० रुपये, दुपारी तीनपर्यंत काम आटोपलं. पुन्हा मीटर लावला: न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट.

२१ मे, मंगळवार

बारावीचा निकाल. ७८ टक्के. आईने पेढे वाटले. यादीला आज हात लावला नाही.

२५ मे, शनिवार

लातूर-मुंबई गाडीने रात्रभर प्रवास, सकाळी दादरला उतरून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, दहाला पोचलो तर निम्मी शटर बंद. चहा घेऊन थांबलो. धाकटा पहिल्यांदाच आलेला. फुटपाथवर रिमोट, केबल, चार्जर यांचे ढीग बघून त्याची मान वळेचना.

चार दुकानांत तीच यादी दाखवली आणि कोटेशन लिहून घेतलं. तोंडी भाव कुठेच मानला नाही. एका ठिकाणी बोर्ड स्वस्त आणि एसएमपीएस 'याच तोडीचा दुसरा'. दुसऱ्या ठिकाणी बिल नको असेल तर दीड हजार कमी. बिल नसेल तर वॉरंटीसाठी भांडायचं कशाच्या जोरावर? कार्डाच्या तीन वर्षांच्या वॉरंटीवर दीड हजारांसाठी पाणी सोडायचं नव्हतं. १८ टक्के जीएसटी भरला, प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर बिलावर छापून घेतला आणि डब्यांवरच्या नंबरांशी ताडून बघितला. धाकटा नंबर वाचत होता, मी टिक करत होते.

शेवटी घेतलं ते असं. प्रोसेसर ११,४००, बोर्ड ६,२००, कार्ड २०,८००. रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, ३२०० ची, ३,५००. एसएसडी ५०० जीबी एनव्हीएमई ३,३००. एक टीबी हवी होती, पण दोन हजार नव्हते, आणि साठवण ही मागाहून सहज वाढणारी गोष्ट आहे. एसएमपीएस ४,१००. कॅबिनेट ३,२००. मॉनिटर २४ इंची, आयपीएस, १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० चित्रं), ८,३००. कीबोर्ड-माउस १,२००. यूपीएस ६०० व्हीएचा २,९००. एकूण ६४,९००.

कॅबिनेटच्या बाबतीत मात्र धाकट्याचं मन मोडलं. त्याला पुढून काचेचं, रंगीत दिव्यांचं हवं होतं. मी पुढून जाळीचं घेतलं. काचेमागच्या पंख्याला हवा ओढायला फटीतून धडपडावं लागतं. आपल्या उन्हाळ्यात ते परवडत नाही. तो काही बोलला नाही, काचेच्या कॅबिनेटकडे एकदा वळून बघितलं आणि डबा उचलला. वाईट वाटलं. दिवे कधीतरी मी घेऊन देईन.

२६ मे, रविवार

सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, जेवणाच्या टेबलावर जोडणी. सगळं त्याच्याच हातून, मी शेजारी बसून.

प्रोसेसर: कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, दांडी वर, आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही. एएम४ च्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एक वाकली की डोळ्यात पाणी. तो श्वास रोखून होता. प्रोसेसर अलगद आपल्या जागी बसला.

कूलरपाशी अडलो. डब्यातला कूलर चार स्क्रूंचा, आणि बोर्डावर आधीपासून प्लास्टिकचे दोन कंस. ते काढावे लागतात, आणि काढले की बोर्डामागची पट्टी निसटून खाली पडते. धाकट्याने खालून तळहाताने ती धरून ठेवली, मी स्क्रू तिरपे, एक इकडचा एक समोरचा, थोडे थोडे आवळले. पेस्ट कूलरला लावूनच येते, बोट लावायचं नाही.

साडेनऊला बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. बोर्डावर रॅमशेजारचा छोटा दिवा पिवळा. धाकट्याचा चेहरा उतरला. "जळलं का काय?"

वीज बंद करून बघितलं. रॅम बरोबर खाचांत होती, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या. पण या बोर्डावर पट्टीला एकाच बाजूला कुलूप आहे. दुसऱ्या बाजूला एक पट्टी केसभर वर राहिलेली, वरून बघून कळतही नव्हती. बोट फिरवल्यावर लागली. अंगठ्याने दाबली, टक्क. पुन्हा बटण. पहिल्या वेळी रॅम जुळवून घ्यायला अर्धा-पाऊण मिनिट जातं, ते फार मोठं वाटलं. मग बायोस उघडलं.

आई स्वयंपाकघरातून बघायला आली, जाताना फ्रिजमधून पाण्याची बाटली काढून दिली. अनवाणी.

२८ मे, मंगळवार

विंडोज टाकून झालं. व्हॅलोरंट हा गेम चालेना: विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात. बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) चालू केलं, सिक्युअर बूट चालू केलं, मिटलं.

मग टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघितला: २४००. आपण ३२०० चे पैसे दिलेत. अशी रॅम आपोआप पूर्ण वेगाने धावत नाही, बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल चालू करावं लागतं. ते करायच्या आधी आणि नंतर, त्याच नकाशावर त्याच जागी धाकट्याने पाच-पाच मिनिटं मोजलं: सरासरी सेकंदाला २१० फ्रेमवरून (चित्रांवरून) २४० वर. एक पैसा न खर्चता. वर्षानुवर्षं २४०० वर चालणारी किती मशीन असतील! नवा पीसी घेतलेल्या प्रत्येकाने आज रात्रीच हे बघावं.

मॉनिटरचंही तसंच, विंडोजने त्याला ६० हर्ट्झवर ठेवलं होतं, १०० वर नेला.

२ जून, रविवार

दुपारी खोलीत ३८ अंश. सायबरपंक हा गेम अर्धा तास चालवला, हाय सेटिंगला ६० च्या आसपास फ्रेम, पण कार्ड ८२ अंशांवर. धोका नाही, तरी पंख्याचा घोंगाट बाहेरच्या ओसरीपर्यंत. बघितलं तर कॅबिनेट भिंतीतल्या कोनाड्यात, मागे जेमतेम चार बोटं जागा. गरम हवा मागे धडकून परत पुढच्या जाळीतून आत. बाहेर काढून टेबलावर ठेवलं, ७६ वर आलं.

दुसरा उपाय ड्रायव्हरमधला. हलक्या गेममध्ये कार्ड २४० फ्रेम काढतं आणि मॉनिटर दाखवतो १०० च. उरलेल्या १४० साठीची वीज आणि उष्णता वायाच जाते. मर्यादा ९७ वर बांधली. कार्ड ६१ अंश, पंखा ऐकूही येत नाही. धाकट्याला स्पर्धेच्या वेळी मर्यादा काढायची आहे, काढू दे. मात्र धूळ. दर पंधरा दिवसांनी पुढची जाळी ब्रशने साफ करायची, कॅलेंडरवर खूण केलीय.

८ जून, शनिवार

पुण्यातून, फोनवर. मृगाचा पहिला पाऊस, आणि अपेक्षेप्रमाणे लाइट गेली. स्वस्त यूपीएसची लहर चौकोनी असते आणि चांगल्या एसएमपीएसला ती कधीकधी मानवत नाही, म्हणून निघण्याआधी मी दोनदा प्लग उपसून बघितलं होतं. तरी प्रत्यक्ष वेळ येईपर्यंत धाकधूक होतीच.

"ताई, बीप वाजतंय, मशीन चालूच आहे."

"खेळ बंद कर. मग शटडाउन. घड्याळ बघ."

त्याने बघितलं. फक्त डेस्कटॉप आणि मॉनिटर चालू ठेवून यूपीएसने अकरा मिनिटं काढली. मोजायला त्याने मुद्दाम शेवटपर्यंत थांबून बघितलं, बॅटरी संपायच्या जरा आधी बंद केलं. पुढच्या वेळी दोन मिनिटांत बंद करायचं ठरलं. मित्राने एसएमपीएस बदललाय, तेही सांगितलं. आता रविवारी तो मित्र घरचा स्विचबोर्ड उघडून वायर बघायला मल्टिमीटर मागतोय, त्यांच्याही फ्रिजला मुंग्या येतात म्हणे.